अकराच महिने का?

मे महिना लागला की पुण्यात सामान न्यायला छोटा हत्ती टेम्पो मिळणं मुश्किल होतं. शाळांना सुट्ट्या असतात, पुढच्या वर्षीच्या अ‍ॅडमिशनचं काय ते ठरलेलं असतं आणि भाड्याने राहणारी माणसं घरं बदलत असतात. सिंहगड रोड, धायरी, आंबेगाव, वारजे, तिकडे वाघोली, मांजरी, कुठेही जा, रविवारी सकाळी कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर टेम्पो उभा असतोच, गाद्यांच्या वळकट्या, वॉशिंग मशीन, चादरीत गुंडाळलेला देव्हारा, आणि तुळशीची कुंडी कोणाच्यातरी मांडीवर. यातल्या बऱ्याच जणांना घर बदलायचं नव्हतंच. अ‍ॅग्रीमेंट संपलं आणि मालकांनी चार हजार वाढवून मागितले, किंवा फ्लॅट विकायला काढला, किंवा मालकांचा मुलगा बंगलोरहून परत आला, एवढंच झालेलं असतं.

मी हे जवळून बघते कारण माझं कामच ते आहे. लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर भाड्याने देण्याघेण्याचे करार ऑनलाइन रजिस्टर करून देते. लॅपटॉप, वेबकॅम आणि थंबचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे फोटो आणि अंगठे घ्यायचे, आधार जुळलं की सबमिट. बहुतेक कामं संध्याकाळी सातनंतर, लोक ऑफिसातून आल्यावर. लोक मला थंबवाल्या मॅडम म्हणतात. आणि ड्राफ्ट बनवायला घेतला की जवळजवळ प्रत्येक घरात मालक एक वाक्य बोलतातच, "मॅडम, अकरा महिन्यांचाच करा हं."

मी हल्ली विचारते, का हो काका, अकराच का? मग कोणी म्हणतं सगळे तसंच करतात, कोणी म्हणतं वर्षाच्या वर गेलं की भाडेकरूचा हक्क लागतो, कोणी कोणा नातेवाइकाची गोष्ट सांगतं ज्यांचं शनिवार पेठेतलं घर भाडेकरूने बळकावलं आणि केस चालता चालता नातेवाईक गेले. ही गोष्ट खोटी नसते. मला ती भीती कळते. पण ती भीती ज्या कायद्यातून आली तो कायदा संपून पाव शतक झालं आणि आपण अजून त्याच्याच हिशोबाने जगतोय, आणि त्याची किंमत तिसराच माणूस भरतोय, हे मला सांगायचंय.

तो जुना कायदा म्हणजे १९४७ चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट. महायुद्धाच्या काळात शहरात माणसं लोटली, घरं कमी, भाडी भडकली, म्हणून भाडी गोठवली, आणि गोठवली ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. तेव्हा ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं, कारण माझं स्वतःचं बालपण त्या कायद्याच्या सावलीत गेलंय. माझे आजोबा नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहायचे, महिना नऊ रुपये. आजोबा छापखान्यात कंपोझिटर होते, पगार बेताचा, तरी त्यांची चार मुलं पेठेत राहून शिकली, शाळा चालत, मंडई चालत, दवाखाना चालत. त्यांना घरातून काढायची भीती नव्हती. आजीने तीस वर्षं एकाच चुलीच्या जागी स्वयंपाक केला. गरीब माणसाला शहराच्या मध्यावर पाय रोवून उभं राहता आलं ते त्या कायद्यामुळे, हे विसरून त्याला नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही.

पण दुसरी बाजूही त्याच वाड्यात होती. मालक पुढच्या चौकात राहायचे आणि खरं सांगायचं तर ते आमच्यापेक्षा श्रीमंत नव्हते. दहा-बारा बिऱ्हाडांचं सगळं भाडं एकत्र केलं तरी पावसाळ्याआधी कौलं चाळायचा खर्च निघत नव्हता. भिंतींना टेकू लागले, जिना डुगडुगायला लागला, मागच्या बाजूची माडी एका श्रावणात खाली आली, नशिबाने कोणी नव्हतं आत. मालक दुरुस्ती करत नाहीत म्हणून भाडेकरू चिडलेले, भाडं वाढत नाही म्हणून मालक चिडलेले, आणि दोघंही एकाच नळावर पाणी भरायचे. पेठांमधले इतके वाडे असेच गेले. भाडं गोठवणं ही काही वर्षांची सोय होती ती पन्नास वर्षं चालली, महागाई वाढत गेली आणि आकडा जागेवरच राहिला.

शेवटी हे सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये कोर्टाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग राज्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ केला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंचं भाडं दरवर्षी चार टक्क्यांनी वाढवायची मुभा मिळाली. ऐकायला बरं वाटतं पण हिशोब करून बघा, नऊ रुपयांवर पंचवीस वर्षं दरवर्षी चार टक्के वाढ लावली तर होतात चोवीस रुपये. म्हणजे जुन्या मालकांचा प्रश्न तिथेच राहिला, वाडे बिल्डरकडेच गेले.

मालकांची खरी भीती मात्र नऊ रुपयांची नाहीये, ती १९७३ ची आहे. त्या काळात भाडेकरूच्या कायद्यातून सुटायला लोक लिव्ह अँड लायसन्स करायला लागले होते, म्हणजे हा भाडेकरू नाही, याला फक्त राहायची परवानगी दिलीय असं कागदावर लिहायचं. मग सरकारने जुन्या कायद्यात कलम १५अ घातलं आणि १ फेब्रुवारी १९७३ ला चालू लायसन्सवर जे जे राहत होते त्यांना एका फटक्यात भाडेकरू ठरवलं. ज्यांनी विश्वासाने घर दिलं होतं त्यांचं घर गेल्यात जमा झालं. त्यानंतर शहरात कुलूप लावलेले फ्लॅट दिसायला लागले, कारण भाड्याने देऊन गमावण्यापेक्षा रिकामं ठेवलेलं बरं. आज मला अकरा महिन्यांचा आग्रह करणारे सत्तरीतले काका त्या वेळी कॉलेजात असणार, त्यांनी घरात मोठ्यांची ती बोलणी ऐकलेली असणार.

आता आजचा कायदा काय म्हणतो ते बघा. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ लायसन्सवरच्या घरांसाठी आहे. मुदत संपली की राहणाऱ्याने घर सोडायचं, नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि सोडेपर्यंतच्या दिवसांचं दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून द्यावं लागतं. लेखी करार हाच निर्णायक पुरावा. मुदत अकरा महिने असो, छत्तीस असो की साठ, कलम तेच. जास्त महिन्यांचा करार केला म्हणून लायसन्सी, म्हणजे लायसन्सवर राहणारा, कायद्याने भाडेकरू होत नाही, मालक होणं तर लांबच. बारा वर्षांत घर नावावर होतं अशी जी भीती असते तीही इथे लागू नाही, कारण तुमच्या परवानगीने जो राहतोय त्याचा ताबा हा तुमच्या विरुद्धचा ताबा धरला जात नाही.

मग अकराचा आकडा आला कुठून? नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो असं आहे. बारा महिन्यांच्या आत राहिलं की रजिस्ट्रेशन टळतं, खर्च वाचतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात ती पळवाट २००० सालीच बंद झाली. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे इथे कितीही महिन्यांचा करार असो, तो लेखी हवा आणि रजिस्टरच हवा, जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि रजिस्टर केलेला कागद नसेल तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करार करून मालकाला कायद्याने काहीच जास्तीचं मिळत नाही. काहीच नाही. फक्त सवय आहे.

उलट पैसे जास्त जातात. पंचवीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरा. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ती एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर. अकरा महिन्यांचे साधारण ७१० रुपये, वर शहरात नोंदणी फी १००० रुपये. असं लागोपाठ तीनदा केलं की ५१३० च्या आसपास. तोच करार एकदम तेहतीस महिन्यांचा केला तर भाडेवाढ न धरता ड्युटी होते २१३० च्या आसपास आणि नोंदणी फी एकदाच, म्हणजे ३१३०. साठ महिन्यांपर्यंत हाच पाव टक्क्याचा दर आहे. माझी फी वेगळी, ती पण तीनदा. हे मी मालकांना सांगते तेव्हा माझंच काम कमी होतं हे मला कळतं, पण दर मे महिन्यात त्याच त्याच मुलांना नव्या पत्त्यावर बघून मला गप्प बसवत नाही.

कारण भाडं परवडणं म्हणजे फक्त महिन्याचा आकडा नाही. धायरीतल्या एक ताई आहेत, त्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात, नवरा डिलिव्हरीचं काम करतो, दोन मुली. त्यांचे करार मी लागोपाठ करत आलेय, दर वेळी घर वेगळं. त्यांचं भाडं बघितलं तर वाटेल परवडतंय की. पण शिफ्टिंगचा टेम्पो, हमाल, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, नवीन घराचं डिपॉझिट आधी भरायचं आणि जुन्या घराचं नंतर मिळणार तेही रंगाचे पैसे कापून, गॅसचा पत्ता, बँकेचा पत्ता, पोलीस व्हेरिफिकेशन, हे सगळं धरलं की वर्षातला एखाद-दीड महिन्याचा पगार घर बदलण्यातच जातो. धाकटीला आरटीईतून अ‍ॅडमिशन मिळाली होती, तिथे रजिस्टर्ड भाडेकरार लागतो आणि शाळेपासूनचं अंतर बघतात. ते त्या पत्त्यावर झालं, नंतर घर सुटलं, आता शाळा तिकडे आणि घर भलतीकडे, आणि रिक्षावाल्या काकांचे महिन्याचे पैसे वाढले. मोठी मुलगी मला म्हणाली, "मावशी, आम्ही भिंतीवर काही लावत नाही, काढताना पोपडे निघाले की पैसे कापतात." ती सातवीत आहे. सातवीतल्या मुलीला हे माहीत असावं याचा मला फार त्रास होतो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं लाखो माणसं या शहरात राहतायत आणि राज्याच्या घरांविषयीच्या कायद्यांत बघा त्यांचं नाव कुठे येतं. फ्लॅट घेणाऱ्यासाठी १९६३ चा मोफा कायदा आहे, २०१७ पासून महारेरा आहे, बिल्डरने ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, कार्पेट एरियाच सांगायचा, हे चांगलं झालं, माझ्या ओळखीतल्या किती जणांचे पैसे त्यामुळे सुरक्षित राहिले. झोपडपट्टीसाठी १९७१ चा कायदा आणि एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे. जुन्या भाडेकरूला १९९९ चा कायदा आहे. एक-दोन गुंठे घेऊन घर बांधणाऱ्यासाठी २००१ चा गुंठेवारीचा कायदा आहे. म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे, किंवा जो जागेवर बसलाय, किंवा जो घेणार आहे, त्या प्रत्येकासाठी काहीतरी आहे. आणि जो फक्त भाडं भरतोय, वेळच्या वेळी, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करून, त्याच्यासाठी एकच ओळ, मुदत संपली की निघा.

पानशेतच्या पुरानंतर, १९६१ ला, याच शहरात सरकारने पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या केल्या होत्या. लोकमान्यनगर, गोखलेनगर त्यातल्याच. म्हणजे सरकारला जमतच नाही असं नाही. आता ते काम म्हाडाच्या लॉटरीतून होतं. २०१३ च्या शेवटी राज्याने एक चांगला नियम केला, मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर गृहप्रकल्प असेल तर २० टक्के बांधकाम छोट्या घरांसाठी ठेवायचं, ३० ते ५० चौरस मीटरची घरं, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. म्हणून पुण्यातल्या चांगल्या चांगल्या प्रोजेक्टमध्ये २० टक्के सर्वसमावेशक योजनेतली घरं निघतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात माणुसकीचा नियम आहे, कारण त्यात गरिबांची वस्ती गावाबाहेर ढकललेली नाही, त्याच गेटमधून आत जायचं. पण ती लॉटरी आहे. धायरीच्या ताईंनी पण भरलीय, डोमिसाइल काढलं, उत्पन्नाचा दाखला काढला, अनामत रक्कम भरली, नाव लागलं नाही, पैसे परत आले, परत भरलीय. लागलंच तरी पुण्यात साधारण सात टक्के स्टॅम्प ड्युटी, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. पन्नास लाखांचं घर असेल तर सरकारलाच साडेतीन लाख, आणि ते कर्जात धरत नाहीत, हातातून जातात.

२०२५ च्या मे महिन्यात राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं, 'माझे घर, माझा अधिकार', २०३० पर्यंत ३५ लाख घरं. नोकरी करणाऱ्या बायका, विद्यार्थी, कामगार, ज्येष्ठ यांच्या घरांचा विचार त्यात आहे, ते वाचून मला बरं वाटलं. व्हावीत ती घरं. पण ती होईपर्यंत माणसं कुठे राहणार तर भाड्याच्याच घरात ना, आणि आज जी घरं उभी आहेत त्यांच्यातल्या राहण्याचे नियम बदलायला एक वीटसुद्धा लागत नाही.

पुण्यातलीच एक गोष्ट घ्या. महापालिका स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, १९७० पासूनची सवलत, मध्ये काढली होती, २०२३ मध्ये राज्याने परत दिली, त्यासाठी लोकांनी पीटी-३ फॉर्म भरले. फ्लॅट भाड्याने दिला की ती सवलत जाते. मालक काय करतात, ते भाड्यात धरतात. म्हणजे ज्याला स्वतःचं घर घेता आलं त्याला सवलत आणि ज्याला नाही आलं त्याच्या खिशातून पूर्ण कर. जो मालक तीन वर्षांचा करार करेल आणि भाडेवाढ मर्यादेत ठेवेल त्यालाही ही सवलत द्या की! मालकाचा फायदा, राहणाऱ्याचा फायदा. हे मी कितीतरी मालकांना बोलून दाखवलंय, एकानेही वाईट आहे म्हटलेलं नाही.

परत भाडी गोठवा असं मी म्हणत नाहीये, वाड्याचं काय झालं ते मी बघितलंय. आणि मालक म्हणजे कोणी सावकार नाहीत, माझ्याकडे येणारे निम्मे मालक रिटायर्ड आहेत, ते भाडं हीच त्यांची पेन्शन, नाहीतर तरुण जोडपी ज्यांचा हप्ता भाड्यापेक्षा जास्त आहे. त्यांना घर वेळेवर परत मिळालंच पाहिजे, ते कलम २४ मध्ये आहे आणि ते राहू दे. पण त्याच कलमाच्या शेजारी राहणाऱ्यासाठी चार ओळी लिहायला काय हरकत आहे? केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना राज्यांना दिलाय, त्यात घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढं, ताबा परत देतानाच डिपॉझिट परत, भाडं वाढवायचं तर तीन महिने आधी लेखी कळवायचं, आणि मालकाला घरात यायचं असेल तर चोवीस तास आधी सांगायचं, असं सगळं आहे. घेतल्या पाहिजेत या गोष्टी आपल्या कायद्यात. आणि त्यात माझी एक भर, करारात मुदत लिहिली नसेल तर ती तीन वर्षं धरायची, कमी हवी असेल तर दोघांनी कारण लिहून सही करायची. मग अकरा महिने हा न बोलता चालणारा रिवाज राहणार नाही, तो निर्णय होईल आणि कोणीतरी तो समोर बसून सांगेल.

तोपर्यंत जे हातात आहे ते मी करते. मागे आंबेगावातल्या एका मालकिणीबाईंना, शाळेतून रिटायर झालेल्या, मी हा सगळा हिशोब त्यांच्या डायनिंग टेबलवर करून दाखवला. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की घर परत मिळेल ना. मी कलम वाचून दाखवलं. मग त्या भाडेकरूंकडे वळून म्हणाल्या, "दरवर्षी पाच टक्के वाढवाल?" ते हो म्हणाले आणि तेहतीस महिन्यांचा करार झाला. भाडेकरू नवराबायकोपैकी बायकोने अंगठा देताना विचारलं, मग खिडकीला जाळी बसवून घेऊ का, कबुतरं येतात. बाई म्हणाल्या घ्या, अर्धे पैसे मी देते.

तुमचा करार या जूनमध्ये संपत असेल तर ड्राफ्ट बनवायच्या आधी मालकांशी बोला, महिने किती ते आधी ठरवा. ऑनलाइन फॉर्ममध्ये महिन्यांचा आकडा तुम्हीच टाकायचा असतो, साठपर्यंत. लॉक-इन, म्हणजे करार मध्येच मोडता येणार नाही तो काळ, दोघांनाही सारखा लिहा. वाढ टक्क्यांत लिहा, 'आपसात ठरवून' असं नको. रंगाचे पैसे कापणार असतील तर किती ते आत्ताच लिहून घ्या, आत शिरताना भिंतींचे, नळांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. आणि डिपॉझिट परत द्यायची अट 'घर सोडल्यावर' एवढीच ठेवू नका, 'ताबा देताना त्याच दिवशी बँक ट्रान्सफरने' असं स्पष्ट टाईप करायला सांगा, आम्ही करारवाले सांगितलं तर टाकतो.